कणीक तुटत का नाही?

चीनचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर ह्वांग हो, म्हणजे पीत नदी, शोधून काढा. तिबेटच्या पठाराच्या कडेने उतरून ही नदी पुढे जाते तेव्हा तिच्या दोन्ही काठांवर पसरलेले एक लांबुळके शहर लागते. हे लान्जौ, गान्सू प्रांताची राजधानी.

या शहरात सकाळची न्याहारी म्हणजे नूडल्स. आपल्याकडे सकाळी पोह्यांच्या किंवा मिसळीच्या दुकानापुढे जशी गर्दी असते, तशी तेथे नूडल्सच्या दुकानापुढे असते. दुकान साधेच. दाराशी पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, ती स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची आणि नूडल्स किती जाड हव्यात ते सांगायचे. केसासारख्या, बारीक, लसणीच्या पातीएवढ्या रुंद असे त्यांचे प्रकार ठरलेले आहेत. खिडकीपलीकडचा कारागीर तेलाचा हात लावलेला कणकेचा गोळा उचलतो, त्याची वळकटी करतो, दोन टोके धरून हात फाकवतो. मग दुमडतो, पुन्हा ओढतो, पुन्हा दुमडतो. सात-आठ वेळा असे झाले की त्याच्या हातांत शे-दोनशे पदरांची लड असते, आणि ती तशीच उकळत्या पाण्यात पडते. सुरी नाही, साचा नाही, यंत्र नाही. या सगळ्याला मिनिटभरही लागत नाही.

चिनी भाषेत 'ला' म्हणजे ओढणे आणि 'म्येन' म्हणजे गव्हाच्या पिठाच्या नूडल्स; म्हणून या 'लाम्येन'. जपानमधील 'रामेन' हा शब्द याच शब्दावरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. (आपल्याकडे हातगाडीवर मिळणाऱ्या चिनी नूडल्स मात्र ओढलेल्या नसतात. पीठ रुळांमधून दाबून त्याची पट्टी करतात आणि ती यंत्राने कापतात.) लान्जौचा हा पदार्थ तेथील ह्वे मुसलमानांनी नावारूपाला आणला. त्याच्या आजच्या रूपाचे श्रेय मा बाओझ या ह्वे विक्रेत्याला आणि १९१५ या सालाला दिले जाते. वाडग्यात पाच रंग दिसले पाहिजेत असा दंडक आहे: गोमांसाचा रस्सा नितळ, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या, तिखटाचे तेल लाल, कोथिंबीर व लसणीची पात हिरवी आणि नूडल्स पिवळसर. हा शेवटचा पिवळा रंग ध्यानात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे. शेजारच्या छिंगहाय प्रांतातील हुआलोंग भागातल्या लोकांनी अशी दुकाने चीनभर नेली. जून २००७ मध्ये वाडग्याचे भाव चढले तेव्हा लान्जौच्या सरकारी दर विभागाने कमाल किंमतच ठरवून दिली होती! २०२१ साली चीन सरकारने या कलेचा राष्ट्रीय वारशाच्या यादीत समावेश केला.

आता आपला प्रश्न. घरी पोळीच्या कणकेचा गोळा घेऊन तो दोन हातांनी ओढून पाहा. वीतभर लांबेल आणि तुटेल. ज्वारीच्या पिठाचा गोळा तर ओढायला घेतल्याबरोबर तुटेल. मग लान्जौच्या कारागिराचा गोळा शेकडो मीटर लांब होऊनही का तुटत नाही?

या प्रश्नाचे उत्तर केवळ स्वयंपाकघरापुरते नाही. लान्जौच्या पश्चिमेला, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे एक मातीचे भांडे सापडले. त्यात काय होते आणि ते कसे बनवले असावे यावर शास्त्रज्ञांत वाद झाला, आणि तो वाद अखेर कणीक ओढता येते की नाही या एका गोष्टीवर येऊन ठेपला. त्या भांड्याकडे आपण शेवटी जाऊ. आधी कारागिराच्या हातांचा हिशोब करू.

घडीचा हिशोब

समजा, गोळ्याचे वजन २४० ग्रॅम आहे. कणीक पाण्यापेक्षा थोडी जड असते. तिची घनता १.२ धरली तर गोळ्याचे घनफळ २०० घन सेंटिमीटर होईल. कारागिराने हात फाकवले की दोन्ही हातांत १५० सेंटिमीटर अंतर पडते असे समजू. पहिल्या ओढीत एकच पदर आहे. घनफळाला लांबीने भागले की छेदाचे क्षेत्रफळ मिळते: २०० भागिले १५०, म्हणजे १.३३ चौरस सेंटिमीटर. छेद गोल धरला तर व्यास सुमारे १.३ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढा.

आता दोन्ही टोके एका हातात घ्या, मध्यावर दुसऱ्या हाताचे बोट अडकवा आणि पुन्हा १५० सेंटिमीटरपर्यंत ओढा. पदर दोन झाले. पुढच्या घडीला चार, मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सातव्या घडीला २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ पदर. एकूण लांबी १२८ गुणिले १.५ मीटर, म्हणजे १९२ मीटर. घनफळ तर वाढलेले नाही. म्हणून छेदाचे क्षेत्रफळ पहिल्याच्या १२८ वा हिस्सा झाले आणि व्यास १.१५ मिलिमीटरवर आला. आणखी एक घडी घाला: २५६ पदर, ३८४ मीटर, व्यास ०.८ मिलिमीटर. प्रत्यक्षात टोकांशी हातात राहिलेला जाड तुकडा कारागीर तोडून टाकतो, त्यामुळे पदार्थ थोडा कमी भरतो. पण हिशोबाची दिशा तीच.

यातून एक सोपा नियम निघतो. दर घडीला क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून व्यासाला २ च्या वर्गमुळाने भागावे लागते. म्हणजेच व्यास निम्मा करायला दोन घड्या लागतात. गिऱ्हाईकाने 'निम्म्या जाडीच्या द्या' म्हटले की कारागीर दोनदा जास्त दुमडतो. त्याने वर्गमूळ शिकलेले असो वा नसो.

१९९४ साली सिंगापूर येथील खाद्यमहोत्सवात सायमन सांग कून सुंग यांनी ५९.२९ सेकंदांत एका गोळ्याचे ८,१९२ पदर केले. ही संख्या २ चा कितवा घात आहे ते तुम्हीच काढा. तेवढ्या घड्या त्यांनी एका मिनिटाच्या आत घातल्या.

मग वीस घड्या का घालू नयेत? कागदावर घालून पाहू. आपल्या गोळ्याचे १०,४८,५७६ पदर होतील. त्यांची एकूण लांबी १,५७२ किलोमीटरांच्या वर जाईल, म्हणजे मुंबई ते दिल्ली लोहमार्गापेक्षाही जास्त. व्यास मात्र उरेल ०.०१३ मिलिमीटर, आणि येथे अडचण येते. गव्हाच्या पिठात स्टार्चचे जे मोठे कण असतात त्यांचाच व्यास ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर असतो. दोऱ्यापेक्षा त्यातला मणी मोठा! असा पदर अखंड राहणे शक्यच नाही. भूमिती कितीही घड्या घालू देईल, पण पीठ घालू देत नाही. म्हणून आता पिठाकडे वळू.

पिठातले रबर

हा प्रयोग घरी किंवा शाळेत जरूर करा. एक वाटी मैदा घ्या, थोडे पाणी घालून घट्ट मळा आणि गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. मग तो पातळ फडक्यात धरून पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने चोळा. खाली पांढरे पाणी जाऊ लागेल. त्यातले थोडे एका पेल्यात घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. पाणी गडद निळे झाले की ते पांढरे द्रव्य स्टार्च आहे हे सिद्ध झाले. पाणी नितळ येईपर्यंत गोळा धुवा. शेवटी हातात एक लहान, करड्या-पिवळसर रंगाचा चिवट गोळा उरेल. तो ताणा, लांबेल. सोडा, आखडेल. चावून पाहिलात तर दाताखाली रबरासारखा लागेल.

हे ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील वैज्ञानिक बेकारी यांनी १७२८ साली एका व्याख्यानात हाच प्रयोग सांगितला. तो १७४५ मध्ये छापून आला. तोपर्यंत असे चिवट द्रव्य प्राण्यांच्या शरीरातच मिळते अशी समजूत होती. वनस्पतीच्या दाण्यातून ते हाती आले याचे तेव्हा मोठे नवल वाटले. 'ग्लुटेन' हा मूळचा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ सरस.

आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. पाणी पांढरे जाईल आणि जातच राहील, फडक्यात शेवटी कोंडा तेवढा उरेल. ज्वारी, बाजरी, तांदूळ, राळा, वरी यांत प्रथिने असतात, पण पाण्यात मळल्यावर अशी जाळी विणणारी नसतात. म्हणून तर पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. तुमची आई किंवा आजी भाकरीसाठी कढत पाणी का घेते, तेही येथे उलगडते. कढत पाण्याने ज्वारीतल्या स्टार्चचे काही कण फुगून त्यांची खळ होते आणि ती पीठ धरून ठेवते. पण ही खळ आहे, रबर नव्हे. ती चिकटवते, ताणली जात नाही.

दोन स्वभावांची प्रथिने

अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ ऑस्बर्न यांनी १९०७ साली गव्हाच्या प्रथिनांवर पुस्तक लिहिले. कोणते प्रथिन कशात विरघळते यावरून त्यांनी त्यांचे गट पाडले. ग्लुटेनमध्ये मुख्य गट दोन. ग्लायाडिन हे पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळते. ग्लुटेनिन त्यात विरघळत नाही.

दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. ग्लायाडिनचा रेणू त्या मानाने लहान, एकाच साखळीचा, स्वतःभोवती गुंडाळलेला. त्याच्यामुळे कणीक काकवीसारखी वाहू शकते. ग्लुटेनिनच्या साखळ्या मात्र एकमेकींना जोडून प्रचंड रेणू तयार होतात. निसर्गातल्या सर्वांत मोठ्या प्रथिन-रेणूंत त्यांची गणना होते. ही जोडणी गंधकाच्या अणूंनी होते. एका साखळीवरचा गंधकाचा अणू दुसऱ्या साखळीवरच्या गंधकाच्या अणूला धरतो आणि मध्ये सेतू तयार होतो. अशी जाळी ताणली की मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते. ग्लुटेनिनमुळे कणीक रबरी पट्ट्यासारखी वागते.

म्हणजे कणीक ही एकाच वेळी थोडी काकवी आणि थोडा रबर आहे. नुसती काकवी असती तर दोन हातांमध्ये लोंबून गळून गेली असती. नुसता रबर असता तर हात जवळ आणताच पुन्हा गोळा झाला असता. नूडल्स ओढायला दोन्ही गुण लागतात आणि तेही योग्य प्रमाणात. सगळी हातोटी हे प्रमाण साधण्यात आहे. मैद्याच्या वजनाच्या निम्मे किंवा थोडे अधिक पाणी, किंचित मीठ, हिवाळ्यात कोमट पाणी, उन्हाळ्यात गार, हे सारे त्यासाठीच.

आणि विश्रांती! ही गोष्ट मोजून पाहण्यासारखी आहे. घट्ट मळलेल्या मैद्याचे सारख्या वजनाचे दोन गोळे करा. एक लगेच ओढा आणि तुटेपर्यंत किती सेंटिमीटर लांबला ते पट्टीने मोजा. दुसरा ओल्या फडक्याखाली एक तास ठेवून मग ओढा. आकड्यांतला फरक तुम्हाला चकित करील. कारण असे की मळताना साखळ्या ताणल्या जातात आणि तशाच ताठून राहतात. वेळ मिळाला की काही बंध सुटतात, साखळ्या जरा सरकतात आणि नव्या जागी पुन्हा बंध जुळतात. जाळी तितकीच मजबूत राहते, पण तिच्यातला ताण ओसरतो. पोळीची कणीक तिंबून झाकून ठेवतात ती याचसाठी. खानदेशात मांडे करणारी बाई पुरण भरलेला उंडा हातांवर फिरवत फिरवत परातीएवढा करते आणि पालथ्या खापरावर टाकते; तिने आदल्या तासाभरात कणीक मुरू दिलेली नसेल तर मांडा हातावरच फाटतो.

बारीक जागा का तुटत नाही?

आता खऱ्या अवघड प्रश्नापाशी आलो. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत सुंदर आहे.

समजा, लडीतला एक पदर एका जागी चुकून बारीक राहिला. हातांनी लावलेले बल त्या पदरात सगळीकडे सारखेच आहे. पण बारीक जागी छेद लहान, म्हणून दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण तेथे जास्त. ताण जास्त म्हणून ती जागा इतरांपेक्षा अधिक लांबणार. लांबली की आणखी बारीक होणार, ताण आणखी वाढणार. दुष्टचक्र सुरू झाले, आणि त्याचा शेवट एकच. ओल्या मातीची वळकटी ओढून पाहा. ती नेमकी अशीच, एका जागी मान पडून तुटते. दोनशे छप्पन्न पदरांत अशा बारीक जागा हजारो असणार. मग लड शाबूत कशी?

दुधाच्या रिकाम्या पिशवीची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ती लांबीच्या दिशेने सावकाश ओढा. एका जागी ती अरुंद होईल, मान पडेल. आता तुटणार असे वाटेल. पण तुटत नाही. अरुंद झालेला भाग तसाच राहतो आणि शेजारचा रुंद भाग त्याच्यासारखा अरुंद होऊ लागतो. मान पट्टीभर पसरत जाते. कारण ताणलेल्या जागी प्लॅस्टिकचे लांब रेणू ओढीच्या दिशेने सरळ, समांतर झाले आणि ती जागा पूर्वीपेक्षा कठीण बनली. तिला आणखी लांबवण्यापेक्षा शेजारच्या जागेला लांबवणे सोपे झाले.

चांगल्या कणकेत हेच घडते. ग्लुटेनची गुंतवळ ताणली गेली की सरळ होते, आणि जेवढी जास्त ताणली तेवढा अधिक विरोध करते. बारीक जागा आपोआप हट्टी होते, मऊ असलेली जाड जागा ओढीला वश होते आणि बारीक होऊन तिच्या बरोबरीला येते. चूक झाली की ती वाढण्याऐवजी आपोआप दुरुस्त होते. या गुणाला ताण-दृढीकरण म्हणता येईल. पाव फुगताना त्यातल्या बुडबुड्यांच्या पातळ भिंती फुटत नाहीत, त्यालाही हाच गुण कारण.

तरीही कारागीर सगळे भार ग्लुटेनवर टाकत नाही. नूडल्स ओढण्यापूर्वी तो मोठ्या गोळ्याची जाड दोरी करून ती ओढतो, फळीवर आपटतो, दुमडून पीळ देतो, असे कितीदा तरी करतो. पिळात जाड आणि बारीक जागा शेजारी येतात व त्यांची सरासरी होते. ओढताना तो लडीला झोका देतो, म्हणजे मधल्या भागालाही सारखी ओढ बसते. फार झटका दिला तर कणकेतल्या काकवीला वाहायला वेळच मिळत नाही, ती रबरासारखी वागते आणि तुटते. फार रेंगाळले तर लड स्वतःच्या वजनाने लोंबते. वेग मधला हवा. तो पुस्तकातून येत नाही.

(ओढणे आणि दुमडणे या जोडीने गणितज्ञांनाही वेड लावले आहे. हळदीचे दोन ठिपके गोळ्यावर शेजारी शेजारी लावले तर दहा घड्यांनंतर ते कोठे असतील? जर्मन शास्त्रज्ञ रॉसलर यांना साखरेचा पाक ओढून दुमडणाऱ्या मिठाईच्या यंत्रावरून अशाच विचारांची चालना मिळाली आणि १९७६ साली त्यांनी मांडलेली समीकरणे आज प्रसिद्ध आहेत.)

उकळत्या पाण्याबद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जाऊ. उष्णता आणि पाणी गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट जाड नूडल्सना चौपट वेळ. म्हणून केसासारख्या नूडल्स पाण्यात पडताच काढायची घाई असते.

राखेचा गुण

आता तो पिवळा रंग. मैदा तर पांढरा. मग नूडल्स पिवळसर कशा?

लान्जौच्या आसपासचा मुलूख कोरडा आहे. तेथील खारट जमिनीत उगवणारी झुडपे जाळून त्यांची राख करीत आणि ती पाण्यात उकळून वरचे नितळ पाणी कणकेत घालीत. या राखेला पेंगह्वे म्हणतात. तिच्यातला मुख्य क्षार पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे अल्कली. आता बहुतेक दुकानांत राखेऐवजी कारखान्यात केलेली अल्कलीची पूड वापरतात.

आपल्याला हे परके वाटायला नको. उडदाच्या पापडात पापडखार घालतात तोही अल्कलीच, आणि जुन्या काळी सज्जीखार खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती जाळूनच काढीत. गव्हाच्या पिठात फ्लॅव्होनॉइड वर्गाची काही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. एरवी ती रंगहीन दिसतात, अल्कलीत पिवळी होतात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तशातलाच हा प्रकार. चिमूटभर मैद्यावर एकदा साधे पाणी आणि एकदा पापडखाराचे पाणी घालून शेजारी शेजारी ठेवा. रंगातला फरक लगेच दिसेल. पापडखार नसेल तर खाण्याचा सोडा कोरड्या तव्यावर चांगला तापवा. त्यातून पाण्याची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन सोडियम कार्बोनेट उरते. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि प्रयोगाचे पीठ खाऊ नका.

रंग हा केवळ बाहेरचा परिणाम. अल्कलीत प्रथिनांवरचा विद्युत्भार बदलतो आणि गंधकाच्या सेतूंची सुटण्या-जुळण्याची देवघेव अधिक वेगाने होते. अशा नूडल्स रश्शात लवकर गिच्च होत नाहीत, दाताखाली लवचीक लागतात. प्रमाण चुकले तर मात्र साबणासारखी चव येते.

लाजियाचे भांडे

आता आपण त्या भांड्यापाशी येऊ. छिंगहाय प्रांतात पीत नदीच्या काठी लाजिया नावाचे ठिकाण आहे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी तेथील वस्ती भूकंप आणि पुराने गाडली गेली. उत्खननात सुमारे तीन मीटर खोलीवर एक पालथे पडलेले मातीचे भांडे मिळाले. ते उचलले तेव्हा खालच्या मातीवर पिवळसर, बारीक, लांब तारांचा गुंता होता. जाडी सुमारे ३ मिलिमीटर, लांबी ५० सेंटिमीटरपेक्षा जास्त. नूडल्स! २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात ही बातमी आली आणि जगभर गाजली. भांड्यातल्या अवशेषांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून संशोधकांनी सांगितले की त्या राळा आणि वरी यांच्या पिठाच्या होत्या, आणि त्या हाताने ओढलेल्या लाम्येनसारख्या दिसतात.

आता तुम्हीच सांगा, यात कोठे खटकते?

राळ्यात ग्लुटेन नाही, वरीतही नाही. फडक्यात धुतलेली ज्वारी आठवा. असे पीठ अर्धा मीटर लांब ओढता येईल काय? २०११ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी प्रत्यक्ष करूनच पाहिले. निव्वळ राळा-वरीच्या कणकेपासून नूडल्स ओढता येईनात. शिवाय स्टार्चचे कण उकळल्यावर फुगून आकार हरवतात. मग भांड्यात ओळखता येण्याजोगे कण कसे मिळाले? ते नूडल्सचे नसून शेजारच्या मातीतले असतील, अशी शंका त्यांनी काढली. गहू चीनचा मूळचा नव्हे. तो पश्चिम आशियातून आला आणि त्या काळी नुकताच तिकडे पोचत होता. त्यामुळे 'त्या नूडल्स गव्हाच्या असतील' असे म्हणून मोकळे होणेही सोपे नव्हते.

२०१४ साली पहिल्या गटातील संशोधकांनी उत्तर दिले. त्यांनी अवशेषांची पुन्हा तपासणी केली, घटक मुख्यतः राळा-वरीचेच आहेत असे सांगितले आणि तशा नूडल्स बनवूनही दाखवल्या. पण ओढून नव्हे. पिठातल्या स्टार्चची आधी खळ होऊ दिली आणि तो गोळा भोकांच्या दाबयंत्रातून खाली दाबला. तारा लांब आल्या, तुटल्या नाहीत. म्हणजे धान्याबद्दलचे म्हणणे त्यांनी कायम ठेवले, मात्र ओढलेल्या नूडल्सचे अनुमान बदलावे लागले.

ही रीत आपल्याला नवी नाही. पाटावरच्या शेवया गव्हाच्या असतात. त्या हाताने वळून ओढतात आणि काठीवर वाळत घालतात. कोकणातले शिरवळे मात्र तांदळाचे. तांदळाचे पीठ उकडून त्याचे गोळे करतात आणि ते गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबतात. घरी चकलीचा सोऱ्या असेल तर ज्वारीच्या पिठाची उकड काढा, मोठ्यांच्या मदतीने ती गरम असतानाच बारीक भोकांतून दाबा आणि तार न तुटता किती सेंटिमीटर येते ते मोजा. मग तीच उकड दोन हातांत धरून ओढा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.